पडायला हवी अशी भिंत

आई, मला आजकाल तुझी आठवण येते ती बहुतेक तुझ्या रंगाच्या हातांची. नव्वद साल असावं. बारावीची परीक्षा देऊन मी घरी होते आणि हाटकेश भागातल्या ज्या गाळ्यात तू लाकडी सामान रंगवायचीस, तिथे तुझ्यासोबत यायला लागले होते. मुंबईत घोड्यांच्या उड्यांची स्पर्धा होती, तिच्यासाठी गाळ्याच्या शेठनी एक भिंत बनवायला घेतली होती. खालचा भाग सलग आणि जड, वर प्लायवूडची हलकी, पोकळ खोकी नुसती रचलेली. स्वाराला पाठीवर घेऊन घोड्याने त्यावरून उडी मारायची. चार दिवस बसून तू तिच्यावर एकेक वीट रंगवलीस. पण वरची खोकी हात लागला की डुगडुगायची. इतकं देखणं काम आणि असं कच्चं, मला बघवेना. शनिवारी तू लवकर घरी गेलीस, तेव्हा मी मागच्या बाजूने लोखंडी पट्ट्या लावून, स्क्रू पिळून ती सगळी खोकी खालच्या भागाला जखडून टाकली.

रविवार सकाळ. भिंत घेऊन टेम्पो कधीच गेलाय. तू पोहे परततेयस आणि सहज सांगतेस, "घोड्याचा पाय लागला की वरची खोकी सुटून पडली पाहिजेत. म्हणून तर ती सुटी. नाही पडली तर घोडा उलटेल, वरचा माणूस त्याच्याखाली जाईल." मी हातातला कप खाली ठेवते. मी म्हणते, "आई, मी ती पक्की केलीत. स्क्रू मारून."

तू ओरडली नाहीस. गॅस बंद केलास, पेचकस पर्समध्ये टाकलास आणि घरच्याच साडीवर निघालीस. काशीमीऱ्यापर्यंत रिक्षा, पुढे बस. मैदानाच्या फाटकावर माणसाने पास मागितला. तू म्हणालीस, "पास नहीं है. वो भिंत मेरी है. उसका स्क्रू निकालने का है, नहीं तो कोई मरेगा." तो बाजूला झाला. पहिला घोडा आत यायच्या बेतात होता. सुरुवातीचे स्क्रू तू काढलेस, शेवटचे मी.

तिसऱ्या घोड्यावर माझ्याच वयाची एक मुलगी होती. घोड्याचे मागचे पाय भिंतीला लागले आणि खोकी धडाधड खाली आली. घोडा जरा अडखळला, सावरला, पुढे पळाला. मुलगी पाठीवरच. सगळं मैदान "अरेरे" म्हणालं आणि तू एकटी टाळ्या वाजवत होतीस. "पडली गं! कशी छान पडली बघ!" लोक वळून बघत होते, तू हसत होतीस, डोळे पुसत होतीस. इतका हलका श्वास मी त्याआधी कधी घेतला नव्हता.

परतताना तू एवढंच म्हणालीस, "पुढच्या वेळी आधी विचार. मी चिडले तरी विचार." पुढे पाहुण्यांना तू ही गोष्ट सांगायचीस, तेव्हा म्हणायचीस, घोड्यावरच्या माणसाच्या काळजीने पोरीने लगेच सांगून टाकलं. मी तुझं बोलणं कधी खोडलं नाही. आता तू नाहीस, हा कागदही कपाटातच राहणार, म्हणून लिहिते. त्या सकाळी घोडा, वरचा माणूस काही माझ्या मनात नव्हतं. भिंतीने काही झालं तर सोमवारी शेठ तुला कामावरून काढतील, एवढंच आलं होतं, म्हणून बोलले.