चार इंजिनांची सोयरीक

सहार, मुंबई
ता. ४ फेब्रुवारी १९९६

ती. स्व. तात्याबा मामांना सोपानचा साष्टांग नमस्कार. पत्रास कारण वडगावची सोयरीक.

माझी नोकरी विमानात पक्की आहे, असं तुम्ही मुलीच्या वडिलांना, गेणबांना, सांगितलंत. मामा, मी विमानात नसतो, विमानाखाली असतो. चाकांना ठोकळे लावतो. विमान पंचवीस वर्षांचं आहे. आवाज फार, त्यामुळे परदेशात त्याला उतरू देत नाहीत, म्हणून आमच्या कंपनीला भंगाराच्या भावात मिळालं. पण नवं विमान दोन इंजिनांवर जातं तिथं याला चार लागतात, आणि दोन वैमानिकांशिवाय नुसते यंत्रांचे काटे बघायला तिसरा माणूस. सगळ्या खुर्च्या भरल्या तरी तिकिटांचे पैसे इंधनातच जातात, असं फोरमन म्हणतात. इंजिनांची मोठी दुरुस्ती निघाली की ते कायमचं उभं राहील, आणि त्याच्याबरोबर मीही.

हे गेणबांना सांगावं की नाही, तुम्ही ठरवा. पण इंजिनांचा आवाज अडवायच्या कानटोप्या दोन आणि आम्ही पाच, त्यामुळे माझा डावा कान सुन्न असतो. तेवढं मात्र वडगावात कुणाला कळू देऊ नका.

मामींना नमस्कार. लोभ आहेच; कानाचं ऐकून तो कमी करू नये.

आपला,
सोपान

वडगाव निंबाळकर
ता. ११ फेब्रुवारी १९९६

चि. सोपानला तात्याबा मामाचा आशीर्वाद.

तुजं पत्र आलं तवा वाचणारं मास्तर गावाला गेल्यालं. मी तसंच खिशात घालून हितं बोलणीला आलो. गेणबालाबी अक्षर येत न्हाय. म्हणलं, पोरीला वाचू द्या, आपल्याला काय झाकायचंय? राजेश्वरीनं वाचलं. कानाचं वाचलं, "कळू देऊ नका" हे बी वाचलं, आवाज न चढवता. माज्या हातनं च्या सांडला. हे पत्र बी तीच लिहितीया.

गेणबानं इमानाची चौकशी बैलावानी केली. वय किती, खातंय किती, वडतंय किती. मग म्हणला, रेशनला पाच लिटर राकेल मिळंना आन ह्यो टाकीच्या टाकी पितो, ह्याला बाजार दाखवा. तुज्याबद्दल म्हणला, "खोड लपवायची ती बी लेखी. असला माणूस लबाडी काय करणार?" पर पोरीला इचारून सांगतो म्हणला.

मामी खुशाल हाय. माया हाय तशीच हाय. कान धूत जा.

तात्याबा (अंगठा)

ता. क. वरचं सगळं मामांनी सांगितलं तसं लिहिलं. ही ओळ माझी. विमान उभं राहील त्या दिवशी खरं कळवावं, मग मी बाबांना उत्तर देईन.
राजेश्वरी

सहार, मुंबई
ता. ३ मार्च १९९६

ती. स्व. मामांना सोपानचा साष्टांग नमस्कार.

काल विमान कुंपणाच्या भिंतीशी नेऊन उभं केलं. चारही इंजिनांना कापडी टोपडी घातली. दुरुस्तीचा आकडा बघून मालकांनी ते सुटं करून विकायचं ठरवलं. महिनाअखेर माझी नोकरी संपते. नव्या विमानवाल्या कंपनीत अर्ज दिला आहे, पण ते आमच्या पाचांचं काम तीनच माणसांत भागवतात, त्यामुळे खात्री नाही.

आज सकाळी डाव्या कानाला कावळा ऐकू आला. उजव्यानं खात्री करून घेतली.

मास्तर परत आले असले तरी हे पत्र त्यांच्याकडून वाचून घेऊ नका. वडगावला न्या, तिथं वाचणारं माणूस आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे.

आपला, तूर्त बिनकामाचा,
सोपान