पांडेसऱ्याचा नीरो

६ एप्रिल १९९७
आजपासून रोज लिहिणार. घरातल्या पहिल्या ग्रॅज्युएटनं आपल्या कार्याची नोंद ठेवायला हवी.
कार्य मिळालं आहे. बाबा काल पांडेसऱ्याच्या मिलमध्ये चक्कर येऊन पडले. ओला कपडा सुकवणाऱ्या गरम मशीनवर त्यांची बारा तासांची पाळी, आणि तिथला एक्झॉस्ट पंखा होळीपासून बंद. मुकादम सुकलालकाका म्हणाले, शेठच्या कानावर दहादा घातलं. कानावर घालून काय होतं? लेखी हवं. इंग्लिशमध्ये हवं. पंधरा दिवसांत पंखा फिरेल.

७ एप्रिल
अर्ज सुरू. 'रिस्पेक्टेड सर' लिहिलं, खोडलं. रिस्पेक्ट कशाबद्दल? शेठच्या केबिनमध्ये एसी, आणि टेपवर दिवसभर गरबा. एप्रिलमध्ये!

८ एप्रिल, दुपार
सापडलं! डिक्शनरीत नीरो. रोमचा सम्राट. रोम जळत होतं तेव्हा हा फिडल वाजवत बसला होता म्हणे. म्हणून लोक होरपळत असताना स्वतःच्या मजेत दंग राहणाऱ्या सत्ताधाऱ्याला इंग्लिशमध्ये नीरो म्हणतात. त्या काळी फिडल नव्हतंच, असंही खाली बारीक अक्षरात आहे. शेठना एवढी सवलत द्यायचं कारण नाही.
अर्जाचं शेवटचं वाक्य: 'यू आर द नीरो ऑफ पांडेसरा.' वाचून माणूस तळमळेल.
आईला अर्थ सांगितला. ती म्हणाली, "बापनी नोकरी गई ना, ते तुन्ही बी.ए. रांधीसन खावूत का?" क्रांतीला पहिला विरोध घरातूनच होतो. बाबांना सही करताना एवढंच सांगितलं की नीरो मोठा राजा होता. हे खोटं नाही.

१२ एप्रिल
अर्ज दिला. शेठ तळमळल्याची बातमी अजून नाही. इंग्लिश मुरायला वेळ लागतो.

१६ एप्रिल
अर्ज लिहिणाऱ्याला मिलमधून बोलावणं आलं. आईनं देवापुढे दिवा लावला.
केबिनमध्ये मी ताठ उभी राहिले. शेठनी टेप बंद केला. परिणाम दिसू लागला होता. मग विचारलं, "बेन, आ नीरो कोण हतो?"
नीरोचं अख्खं चरित्र पाठ करून गेले होते. पण दारात बाबा उभे होते, घामानं निथळत, हात जोडून. मी म्हणाले, रोमचा राजा.
"राजा! वाह!" शेठनी पेढा दिला. उरलेला अर्थ मी त्यांच्या विवेकावर सोपवला.
पंख्याचं विचारणार होते. तोंडात पेढा होता.

२१ एप्रिल
पंधरा दिवस झाले. मुदत वाढवली.

५ मे
शेठनी अर्ज लॅमिनेट करून खुर्चीमागे लावलाय. आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला शेवटचं वाक्य वाचून दाखवतात. म्हणजे आरोपी रोज स्वतःचं आरोपपत्र वाचतो आहे. कुठल्या पुढाऱ्याला हे जमलं? पंख्याचा परिच्छेदही लॅमिनेशनच्या आत सुरक्षित आहे.

१९ मे
नव्या साडीचं नाव ठेवलं: नीरो सिल्क. माल जोरात आहे. बाबांना रोज ओव्हरटाइम. शेठनी निरोप धाडला, अशीच आणखी नावं दे. स्वीकारलं. व्यवस्था आतून बदलावी लागते.
आई म्हणाली, "पंखा कव्हय लागी?" कधी, केव्हा अशा प्रश्नांनी चळवळीचं खच्चीकरण होतं.

८ जून, संध्याकाळ
बाबा मिलमधून पुठ्ठा घेऊन आले. साडीच्या घडीत घालतात तो, छपाई बिघडलेला. सोनेरी अक्षरांत नीरो, खाली मुकुटवाला माणूस. मशीनवर सगळे त्यानंच वारा घेतात म्हणे. सुकलालकाकांनी स्वतःसाठी दोन ठेवलेत.
बाबा ओट्यावर बसून वारा घेत होते. म्हणाले, तू लिहिलंस म्हणून एवढी तरी हवा आली. थट्टा करत असतील म्हणून मी नीट बघितलं. नव्हते करत.
जेवताना त्यांनी विचारलं, पुढचं नाव जरा लांबलचक ठेवता येईल का? पुठ्ठा मोठा निघेल.
डिक्शनरी काढली. रोमच्या सम्राटांत मार्कस ऑरेलियस बऱ्यापैकी लांब आहे.