दूरचं की जवळचं

श्रूजबरी, अमेरिका

अहो,

उद्या माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लेन्स दूरचं दिसायची बसवू की जवळचं?" मला कळलं, पण आपल्या श्रीरंगनं इंग्रजीत "दूरचं" सांगूनही टाकलं.

गाडीत मी म्हटलं, "अरे, मी चष्मा काढून, पुस्तक नाकाशी धरून वाचते."

"मग आता चष्मा लावून वाच ना, आई! रस्ता तरी नीट दिसेल."

त्याचंही खरं. पण माझी मी अक्षरं शिकले ती तशीच. तुम्ही गेल्यापासून दिवस वाचण्यातच जातो.

आज धीर करून दवाखान्यात फोन लावला. "निअर, निअर," म्हटलं. पलीकडची मुलगी भराभर काहीतरी विचारत राहिली. मला इंग्रजीत पाठ आहे तो फक्त श्रीरंगचा फोन नंबर. तोच सांगितला आणि फोन ठेवला.

तुमची,
कुमुद