पाचव्या गाण्यातली शांतता

ता. ९, सोमवार

प्रिय ठमे,

पाकिटावर माझं अक्षर पाहून तू दचकली असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. सगळे ठणठणीत आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा जिन्यावर कुरकुरतो, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय आणि केसांनी बिनशर्त माघार घेतलीय. तुझं कसं चाललंय? नवी खोली कोरडी आहे ना?

छापखान्यात सध्या औषधांच्या माहितीपत्रकांचा पूर आलाय. आमची पद्धत तुला माहीत आहेच. मूळ प्रत वाचणाऱ्या बाई माझ्या डाव्या हाताला बसून मोठ्याने वाचतात आणि मी प्रुफावर डोळे रोवून बसतो. "मळमळ स्वल्पविराम चक्कर स्वल्पविराम क्वचित अंगावर पुरळ पूर्णविराम." दिवसभर हे ऐकून संध्याकाळपर्यंत मला त्यातलं निम्मं व्हायला लागतं.

मंडळही चालू आहे. 'कोपऱ्यातले अल्बम', सभासद त्रेचाळीस. आता बेचाळीस. दर महिन्याला मी कोणीही न ऐकलेला एक अल्बम सुचवतो आणि मग बेचाळीस जण तो आपण आधीच ऐकला होता असं दाखवतात. गेल्या महिन्यात बंद पडलेल्या गिरणीत गाणाऱ्या तिघांचा सुचवला. त्यातला एक फक्त शिवणयंत्र वाजवतो. त्याआधी एका निवृत्त नर्सबाईंचा. त्या गातात कमी आणि श्वास जास्त घेतात, पण काय घेतात! तू जरूर ऐक.

नको ऐकूस. तुला अल्बम सुचवायला मी कागद घेतलेला नाही. तीन परिच्छेद झाले आणि मी अजून दारातच चपला काढतोय.

शनिवारी छापखान्यात फोन आला. तुझी रेकॉर्ड काढणारे ते गृहस्थ. सायकल दुरुस्तीच्या दुकानामागे त्यांचं ऑफिस आहे ना, मागून कोणीतरी सारखं चाकात हवा भरत होतं. म्हणाले, "साहेब, 'शेजारची खोली'च्या तीनशे प्रती काढतोय. तुम्ही मंडळात त्याच्यावर लिहिलेल्या ओळी कव्हरच्या मागच्या बाजूला घेतो. आणि पाचवं गाणं काढून तिथे चार मिनिटं कोरी सोडतोय."

"कोरी? का?"

"तुम्हीच तर लिहिलंत! त्या शांततेबद्दल. ताईंना विचारलं मी, गाणं तर आहे इथे, मग हे शांतता कशाला म्हणतायत? ताई म्हणाल्या, दादाला जे ऐकू आलं तेच ठेवा, त्याचा कान मोठा आहे."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. ठमे, एका गाण्याचा खून होताना पाहून "बरं" म्हणणारा भाऊ तुला लाभलाय.

तेव्हा आता ऐक. मी तुझा अल्बम नीट ऐकला नव्हता.

मंडळाचा नियम तुला पाठ आहे, कारण तो मीच केला आणि येईल-जाईल त्याला मीच ऐकवत असतो. सुचवण्याआधी तीन वेळा ऐकायचं, अथपासून इतिपर्यंत, हातात दुसरं काम न घेता. त्या शिवणयंत्रवाल्याला मी पाच वेळा ऐकलं. जेवण गार होऊ दिलं त्याच्यासाठी. तुझा अल्बम एकदा ऐकला. छापखान्यात, खोकल्याच्या औषधाचं माहितीपत्रक तपासताना. डावा कान बाईंना, उजवा तुला. इअरफोनचं एकच टोक घातलं होतं, उजवं. आपलीच तर आहे, नंतर सावकाश ऐकू, असं वाटलं होतं. परक्यांची वेळ पाळायची आणि घरच्यांना ताटकळत ठेवायचं, हे मला फार चांगलं जमतं.

पाचवं गाणं सुरू झालं आणि उजव्या कानात काही नाही. घड्याळ पुढे सरकतंय, आवाज नाही. एक मिनिट, दोन, चार. दुसऱ्या कोणाला वाटलं असतं, यंत्र बिघडलं. मला वाटलं, ही कला आहे. घरी जाऊन लिहिलं, "पाचव्या गाण्यात गायिका चार मिनिटं मौन पाळते. आजच्या गलबल्यात गप्प बसण्याएवढं धाडस कोणाकडे आहे?" गाण्याचं नाव 'डावीकडची जागा'. त्यावरही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. उलट मी लिहिलं की व्यवस्थेने रिकाम्या ठेवलेल्या जागेकडे गायिका बोट दाखवते. व्यवस्था! ठमे, लहानपणी आपण शेजारी बसून गाणी ऐकायचो, त्या बाकाबद्दल तू गात होतीस.

तुझा फोन आला तेव्हा मी खुशीत होतो. तू विचारलंस, "दादा, कुठल्या कानाने ऐकलंस रे?" मी म्हणालो, "मनाच्या कानाने." तू "बरं" म्हणालीस. घरात सगळ्यांनाच हा शब्द वेळेवर सुचतो.

आता दातांच्या डॉक्टरची गोष्ट. मंडळातला सर्वात साधा माणूस. त्याने सगळ्यांना लिहिलं, "माझ्याकडे पाचव्या गाण्यात बाईंचा आवाज येतोय, फक्त डाव्या बाजूने. माझ्याच प्रतीत काही घोटाळा आहे का?" यावर मी जाहीर उत्तर दिलं, "डॉक्टर, काही लोकांना भूल दिल्याशिवाय शांतता सोसत नाही." सगळे पोट धरून हसले. ग्रंथपालबाईंनी लिहिलं, त्यांनाही आवाजाच्या आत ती शांतता जाणवली. फर्निचरवाल्याने लिहिलं, चांगल्या लाकडासारखी ती शांतता ठोकून पाहावी लागते. गाणं सगळ्यांच्या कानात वाजत होतं गं! पण मी शांतता म्हटल्यावर ते ऐकू येतं असं म्हणणार कोण? एकटा डॉक्टर म्हणाला, आणि तो मंडळ सोडून गेला.

वर मी असं लिहिलंय की वाचणाऱ्याला वाटावं, तो टोमणा मी अजाणतेपणी मारला. अजून लबाडी जात नाही बघ. खरं असं की डॉक्टरचा प्रश्न वाचला आणि मी लगेच दोन्ही टोकं कानात घातली. तुझा आवाज आला. सबंध गाणं ऐकलं, आणि त्यानंतर बसून तो टोमणा लिहिला. दोनदा खोडून, नीट घासून-पुसून लिहिला. त्याला आता दोन महिने झाले.

का, म्हणशील. मंडळाचा मी कान आहे. घरात माझ्याकडे कोणी काही विचारायला येत नाही, छापखान्यात माझ्याकडे फक्त चुका येतात, आणि त्या बेचाळीस माणसांत मी म्हणतो ते संगीत असतं. एवढं एकच मिरवायला होतं माझ्याकडे. ते वाचवायला मी तुझं गाणं दिलं. मोठं कारण नाही. लहानच आहे, म्हणूनच लिहायला इतका वेळ लागला.

तुझ्या वहिनीला परवा सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या शिवणयंत्रवाल्याला तुमचं नाव तरी माहीत आहे का हो?" आणि पुन्हा निवडायला लागली.

आता गाण्याबद्दल. मत देत नाही, ऐकलं ते सांगतो. आपल्याकडे एकच इअरफोन होता. मी थोरला, म्हणून उजवं टोक माझं, डावं तुझं, हे मीच ठरवलेलं. त्या जुन्या गाण्यांत वाद्यं एका बाजूला आणि गळा दुसऱ्या बाजूला असायचा, त्यामुळे तुझ्या वाट्याला कितीदा नुसती वाद्यंच आली. तू आठ वर्षांची होईपर्यंत तुला वाटत होतं की या गाण्यांत कोणी गातच नाही! हे मी चारचौघांत विनोद म्हणून सांगत आलोय. पण तुझ्या कानात न पोचणारा गळा मी तुझ्या गुडघ्यावर बोटांनी वाजवून दाखवायचो, हे मी साफ विसरलो होतो. तू नाही विसरलीस. चार मिनिटं तू एकाच बाजूने गातेस, दुसरी बाजू कोरी ठेवतेस, आणि खाली कोणीतरी बोटांनी ताल धरलाय. म्हणजे ते गाणं माझ्या आभाराचं आहे. तू आभार मानत होतीस आणि मी तुझ्या धाडसाचं कौतुक करत होतो.

काल मी दोन गोष्टी केल्या. मंडळाला खरं लिहिलं, सगळं, भुलीच्या टोमण्यासकट. अजून एकाचंही उत्तर आलेलं नाही. ही मात्र खरी शांतता आहे. डॉक्टरच्या दवाखान्यात स्वतः गेलो. त्याने मला खुर्चीवर बसवलं, तोंड उघडायला लावलं आणि दोन दाढा किडल्यात म्हणाला.

आज सकाळी त्या गृहस्थांना फोन करून सांगितलं, गाणं काढू नका आणि माझ्या ओळी घेऊ नका. ते म्हणाले, "साहेब, ताईंचा शब्द आहे. बदलायचा तर ताईंनीच बदलायला हवा. शुक्रवारी गाणी कारखान्यात जातात, कव्हर मागाहून छापायचंय." माझ्या बोलण्याने निघालेलं गाणं माझ्या बोलण्याने परत येत नाही. तेव्हा तू त्यांना फोन कर. गुरुवारपर्यंत कर. माझ्यावरचा राग त्या गाण्यावर काढू नकोस. राग ठेव, हवा तेवढा ठेव, गाणंही ठेव. मला फोन केला नाहीस तरी चालेल.

तुझा
दादा


ता. २१, शनिवार

प्रिय ठमे,

तुझं कार्ड मिळालं. दोनच ओळी, पण तुझं अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे कललेलं. "गाणं आहे तसं राहील. तुझ्या ओळीही आहेत तशाच राहतील."

पहिली ओळ वाचून मी छापखान्यात सर्वांदेखत डोळे पुसले. वाचणाऱ्या बाई म्हणाल्या, "कोणतं औषध आहे?" दुसरी ओळ कळायला मला जरा वेळ लागला. मग कळली.

म्हणजे तीनशे घरांत तुझं पाचवं गाणं वाजेल, ऐकणारा रेकॉर्डचं कव्हर उलटं करून पाहील, आणि तिथे माझ्या नावासह छापलेलं असेल की इथे गायिका मौन पाळते. माणसं एकमेकांना वाचून दाखवतील. मी त्यांच्या जागी असतो तर मीही दाखवलं असतं, आणि वर एक टोमणाही जोडला असता.

खोटं कशाला बोलू, मनात आलं की तुला फोन करून हातापाया पडावं. निदान नाव तरी काढ म्हणावं. फोन उचललाही. इतक्यात काल दुपारी त्या गृहस्थांनी मागच्या बाजूचं प्रुफ माझ्याकडेच पाठवलं. "तुम्ही याच कामातले, एकदा नजर घाला." तू सुचवलंस की त्यांना आपणहून सुचलं, ते मी विचारणार नाही.

मूळ मजकूर बाईंनी मोठ्याने वाचला. अर्ध्यावर थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वाचा बाई, विरामचिन्हांसकट." त्यांनी सगळं वाचलं. शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. वाक्यं तर इतकी सुबक की मला माझाच राग आला. लाल पेन हातात होतं. एक आडवी रेघ मारली असती तर त्या गृहस्थांनी मुकाट्याने ऐकलं असतं, आणि तू बहुतेक पुन्हा "बरं" म्हणाली असतीस.

प्रुफाच्या खाली आम्हाला लिहावं लागतं, ते लिहिलं. 'तपासले. छापण्यास हरकत नाही.' आणि पूर्ण नाव घालून सही केली.

शेवटी तुला आशीर्वाद लिहायचा, तर आज माझा हात उचलत नाही. नमस्कार करतो.

दादा