वीस मिनिटांचा गजर

३ तारीख, सोमवार
लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. लेक विद्यापीठात शिकवते. हल्ली उत्तरपत्रिकाही कॉम्प्युटरवरच तपासायच्या असतात, दिवसाला साठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोळे कोरडे ठाक पडलेत, ही पापण्या मिटवायचंच विसरलीय. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं आणि घरी स्क्रीन बंद. घरी काय करता, असं विचारलं. लेक म्हणाली, काही नाही.
मी पर्समध्ये काहीतरी शोधत बसले.

४, मंगळवार
निश्चय. घरात कॉम्प्युटर बंद म्हणजे बंद.
ह्यांचं पुस्तक सोडून. ते घरचंच काम, त्याला काम म्हणत नाहीत. हे जाऊन तीन वर्षं झाली, शेवाळांवर लिहिलेल्या सात वह्या मागे ठेवून गेले. माझी शाळा चौथीत सुटली. नंतर वाचायला शिकले ते ह्यांच्याच अक्षरावर. लेक वह्या टाइप करते. आता शेवटची दुरुस्ती तेवढी राहिलीय. रोज अर्धा तास.

५, बुधवार, सायं. ६
स्वयंपाकघरातला टायमर तिच्या टेबलावर नेऊन ठेवला. वाजला की तिला खिडकीशी उभी करते. समोरच्या गच्चीवर पाण्याची टाकी आहे, तिकडे बघायला लावते. वीस सेकंद नुसते फुकट जात होते, म्हणून तेवढ्यात वही पुढे धरून ह्यांचा एक अडलेला शब्द लावून घेतला. वही कागदाची असते. डॉक्टरीणबाई कागदाबद्दल काही बोलल्या नव्हत्या.

७, शुक्रवार
नवा उपाय, अक्षरं बोराएवढी केली. एका पानाची चार पानं झाली. पुस्तक जाडजूड दिसतंय, ह्यांना आवडलं असतं.
लेकीच्या गालावर पाणी दिसलं. बाबांची आठवण आली का गं, असं विचारलं. म्हणाली, आई, औषधाचे थेंब आहेत.
मी मात्र रडून घेतलं. सुरू केलंच होतं.

१०, सोमवार
विद्यापीठातून फोन आला. एका मुलीच्या उत्तरपत्रिकेतलं एक अख्खं पान तपासायचं राहिलं, मुलगी नापास झाली. आता लेकीने लेखी खुलासा द्यायचाय. तोंड धुऊन आली तरी डोळे लालच. मी विद्यापीठाला चांगलं फैलावर घेतलं. माणसाला किती राबवायचं याला काही सुमार? कुणीतरी या पोरीचा विचार करा!
ते पान बुधवारचं. बुधवारी आमचा अर्धा तास दोन तास चालला होता. त्याचा याच्याशी संबंध नाही.
जेवले नाही. भूक नव्हती.

१२, बुधवार
चौथी वही उघडून दिली. म्हटलं, एवढंच पान, शेवटची दुरुस्ती. लेकीने खुर्ची मागे सरकवली, डोळे मिटले आणि अख्खं पान घडाघडा म्हणून दाखवलं. ह्यांनी खोडलेल्या शब्दांसकट. मग म्हणाली, आई, ही वही तिसऱ्यांदा चाललीय. पुस्तक गेल्या वर्षीच पुरं झालंय.
मी म्हटलं, एक स्वल्पविराम राहिला होता. ती म्हणाली, तो गेल्या महिन्यात तूच काढायला लावलास.
पुरं झालंय हे मला माहीत होतं. इथे लिहायला हरकत नाही.

१३, गुरुवार, सायं. ६
सातही वह्या कपाटात ठेवल्या, किल्ली लेकीकडे दिली. डॉक्टरीणबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं.
मी सवयीने टायमर लावला होता, तो वाजला. दोघी खिडकीशी गेलो. आज माझ्या हातात वही नव्हती, म्हणून मीही टाकीकडे नीट पाहिलं. तिच्या बुडाशी हिरवंगार शेवाळ होतं. मला इतका आनंद झाला! ते बघ, म्हटलं, दुसऱ्या वहीतलं पहिलंच. आठवडाभर समोर होतं आणि तू बोलली नाहीस?
लेक म्हणाली, कुठे गं, आई? मला तर टाकीसुद्धा धूसर दिसते.