नालबंदाचं बंड

तीर्थस्वरूप दाजींना दंडवत.

आपली तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. ताईचा गुडघा आणि धाकटीचे दात यांचंही कळवावं. मी उत्तम आहे. (डावा कान ऐकत नाही, पण त्या बाजूनं चांगलं असं कोणी बोलतही नाही.) तुम्ही शब्द टाकून मला घोडदळात नालबंद म्हणून चिकटवलंत, तेव्हा म्हणाला होतात की मान खाली घालून काम कर. दाजी, घोड्याचा खूर मांडीवर घेतला की मान खालीच असते. तरीही मी सध्या बंडखोरांचा सेनापती आहे. तुमच्या छावणीत भलतंच काही पोचलं असणार, म्हणून सविस्तर लिहितो.

शिपायांनी इथल्या विहिरींना कुलपं घातली. (घोड्यांना पाणी पुरेना, म्हणून माणसांचं बंद.) त्या सकाळी लोक रिकाम्या घागरी घेऊन मोठ्या विहिरीपाशी येऊन उभे राहिले. नुसते उभे. आमच्या कप्तानाला तेवढंही खपत नाही. त्याच्या घोड्याचे तीन नाल ठोकून चौथा मी हातात धरला होता, तोच तो तणतणत आला, मला ढकललं आणि खोगिरावर बसून निघालासुद्धा. आता तीन नालांचा घोडा ओल्या फरशीवर घसरणार, आणि खापर फुटणार माझ्या डोक्यावर! म्हणून मी हातोडी घेऊन मागे धावलो, "साहेब, नाल! नाल!" असं बोंबलत. लोकांनी ऐकलं, "चाल! चाल!" हातोडी उगारून एक माणूस कप्तानाच्या मागे लागलाय, हे पाहिल्यावर त्यांना दुसरं काय वाटणार? सगळे पुढे सरसावले. घोडा घसरला आणि कप्तान मिशांसकट गुरांच्या हौदात गेला. इथवर हसण्यासारखं आहे. मीही हसलो.

मग मागचे स्वार आले.

दाजी, इतकी वर्षं मी नाल मारतोय, पण माणसांवरून घोडे जाताना कसा आवाज येतो हे मला ठाऊक नव्हतं. माझी घरमालकीण पुढेच होती. (तीच, माझा सदरा धुताना माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी.) तिला उचललं तेव्हा पाठीवर नालाचा ठसा होता, सहा खिळ्यांचा. आमच्या तबेल्यात बाकीचे आठ मारतात, सहा मी एकटाच. मी ओल्या फडक्यानं पुसत बसलो. चिखल निघाला, ठसा निघाला नाही.

तबेल्यात परतण्याची सोय नव्हती. कप्तान दोर घेऊन बसला होता. लोकांनी मला शिंप्याच्या माळ्यावर लपवलं आणि खाली उतरवलं ते सेनापती करून. मी शिंप्याला खरं काय ते सांगितलं.

"अहो, मी नाल म्हणालो होतो."

तो सुईत दोरा ओवत म्हणाला, "मला कळलंय ते. आता ज्यांची माणसं गेली त्यांच्या घरी जाऊन तूच सांग."

मी दोन दारांपर्यंत गेलो. कडी वाजवली नाही. तेव्हापासून सेनापती आहे. फौजेत सुतार आहेत, धोबिणी आहेत, एक न्हावी आहे (वस्तऱ्यासह, पण हात थरथरतो). घोडदळ म्हणाल तर कुंभाराचं गाढव. ते शत्रूचं ऐकत नाही आणि माझंही.

घरी थोरांना नमस्कार, धाकटीला गोड पापा.

तुमचाच,
मेहुणा

ता. क. तुमची तुकडी इकडे निघाल्याचं कळलं. पोट बिघडलंय म्हणा, पाय मुरगळलाय म्हणा, पण मागे राहा. नाहीच जमलं तर पुलावरून येऊ नका. पुलावर चार टोकांचे खिळे पसरलेत. कसेही पडले तरी एक टोक वरच राहतं. मीच घडवलेत. काम चोख झालंय.

आणखी एक. हे तुम्ही तुमच्या कप्तानाला सांगू शकता. मग सगळी तुकडी नदीच्या उतारानं, गुडघाभर पाण्यातून येईल. तिथे खिळे नाहीत, फक्त धोबिणी आहेत, आणि त्यांच्यासोबत मी. पत्र आणणाऱ्या गवळ्याजवळ उत्तर देऊ नका. तुम्ही काय ठरवलंत ते मला उतारावर उभ्या उभ्या दिसेलच.