डाव्या टाचेची गोष्ट

मंगळवार, सांजवेळ. धानकापणी चालू आहे.

माझी नात पिंकी नववीत आहे. चारशे मीटरमध्ये साऱ्या तालुक्याले मागं टाकते. मले अक्षर येत नाई, म्हणून माझी रोजनिशी तीच लिहिते. आजही लिहून राह्यली, तोंड फुगवून.

रविवारी धान कापलेल्या बांधीत, वावरात, अनवाणी पळाली. धानाचं धसकट डाव्या टाचेत घुसलं. तेव्हापासून चवड्यावर चालते. म्हटलं, "काऊन वं, नवरीवानी चालतेस? लग्न ठरलं का?"

"आजी, शाळेच्या सरायले सांगू नको. उद्या चंद्रपूरले धावली नाई, तर राज्याच्या स्पर्धेले जाता येत नाई."

टाच सुजली, हाताले गरम लागते. तरुणपणी धानाची रोपं लावताना, रोवण्यात, पायात मोडलेला काटा मीही असाच लपवला होता, अजून लंगडते. पण पळणंच तिचं सारं आहे. अडवलं तर बोलंन का माझ्याशी?

मघाशी म्हटलं, वाचून दाखव. सारं वाचलं, टाच सोडून.

"टाच कुठी गेली?"

"राह्यली लिहायची."

मग रडत रडत दोन ओळींच्या मधात कोंबून लिहिली.

सकाळी बसस्टँडवर हे पान सरायच्या हाती देईन. मले वाचता येत नाई, त्यायले येते.

थांबू नको पिंके, हेही लिही.